काचेपलीकडचं बारसं

चौकात गराडूची गाडी लागली की मी समजते, थंडी आली. आमच्या इंदूरजवळच्या राऊमध्ये थंडी अंगाला लागायच्या आधी नाकाला लागते. गराडू म्हणजे आपल्या कोकणातल्या कोनफळाचा भाऊबंद. उकडून, चौकोनी कापून, तेलात लाल होईस्तोवर तळतात आणि वर लिंबू पिळून जीरावणाचा मसाला भुरभुरतात. तो आंबट-तिखट वास आमचा जिना चढून वरच्या मजल्यावर येतो. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला आधी भीती आठवते, आणि मग हसू येतं. दर वर्षी याच क्रमानं. भीती आता जरा लहान झालीय, हसू मोठं झालंय, एवढाच फरक.

परवा वासामागोमाग सुजाताकाकूही जिना चढून आल्या. काकू आमच्या घरमालकीण, खाली राहतात. त्यांची सून प्रज्ञा पोटुशी आहे आणि रविवारी तिचं डोहाळजेवण आहे. मी शिलाई मशीनवर होते. लोकांच्या साड्यांना फॉल-पिको, परकर, मुलींचे फ्रॉक, हे माझं काम.

"लेआ बेटा, तुमच्यातली नावं सांग ना," काकू खाटेवर बसत म्हणाल्या. "प्रज्ञाला छोटं पाहिजे, मीनिंगवालं पाहिजे, आणि क्लासमध्ये दुसऱ्या कुणाचं नको. मी म्हटलं, वरती चल, वरती खजाना आहे."

मग त्यांचं लक्ष दोरीवर वाळणाऱ्या माझ्या मुलीच्या फ्रॉककडे गेलं. "एक सांग मला. लोकांचे घेर तू पट्टी लावल्यासारखे शिवते, आणि आपल्या पोरीचा दर वेळी वाकडा? दिव्याखाली अंधेरा का भिया?" इंदुरात बाईलाही भिया म्हणतात.

मी सुईत दोरा ओवायला घेतला. त्याचं उत्तर एका थंडीइतकं लांब आहे, आणि त्यातली अर्धीअधिक थंडी काकूंना माझ्यापेक्षा नीट आठवते.

आम्ही बेने इस्रायल. कोकणातले ज्यू म्हटलं की लोक आधी चेहऱ्याकडे बघतात, मग माझी मराठी ऐकतात आणि गोंधळतात. आमचे पूर्वज समुद्रातून अलिबागच्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. नावांनाही कोकणचं पाणी लागलं. सॅम्युएलचा सामाजी झाला, एलियाहूचा एलोजी, इझिकेलचा हसाजी. माझे आजोबा सामाजी. त्यांच्या नावाचा अर्थ, देवानं ऐकलं. ते स्वतः कानानं ठार बहिरे होते, आणि म्हणायचे, "ऐकायचं काम त्याचं आहे, माझं नाही."

माझं नाव लेआ. आमच्या धर्मग्रंथातल्या, तोरातल्या, दोन बहिणींपैकी ही थोरली, अधू डोळ्यांची. अर्थ विचाराल तर, थकलेली. आईनं काही अर्थ बघून ठेवलं नव्हतं, तिच्या मावशीचं होतं म्हणून ठेवलं. पण सातवीनंतर आई आजारी पडली, माझी शाळा सुटली, घर आणि मागची भावंडं अंगावर आली, मशीनवर बसून विशीच्या आतच चष्मा लागला. तेव्हा मला पक्कं वाटायला लागलं की नाव माणसाला धरून राहतं. शिकलेल्या माणसाकडे भीती घालवायला चार मुद्दे असतात. मी मुळात घाबरट, आणि वर सातवी पास. माझ्याकडे भीती तशीच राहते, धुवून घडी करून.

माझा नवरा बेनी, बेन्जामिन, याला हे अजिबात पटत नाही. तो पोलोग्राउंडला एका छोट्या कारखान्यात खरादावर, म्हणजे लेथवर, काम करतो. त्याच नोकरीसाठी आम्ही अलिबाग सोडून इतक्या लांब, समुद्राचं नाव नसलेल्या गावात आलो. त्याच्या शेटजींनी शनिवारची सुट्टी मान्य केली आणि रविवारी तो एकटा शटर उघडून मशीन साफ करतो, यासाठी मी त्या माणसाला रोज मनातल्या मनात दुवा देते. तर बेनी म्हणतो, "बेन्जामिन म्हणजे काय? उजव्या हाताचा मुलगा. आणि मी?" मग डाव्या हातानं चहाचा कप उचलून दाखवतो. पक्का डावखुरा आहे.

त्या थंडीत मात्र त्याचा हा विनोद चालला नाही.

मुलगी वेळेच्या बरीच आधी आली. गराडूच्या गाड्या नुकत्या लागल्या होत्या. तिला माझ्याजवळ दिलंच नाही, थेट काचेच्या पेटीत ठेवलं. इतकी लहान की तिच्या टाचेला लावलेली पट्टीसुद्धा मोठी दिसायची. अंगाचा रंग कोवळ्या आंब्याच्या पानासारखा, तांबूस. छातीचा भाता इतका भरभर हलायचा की बघणाऱ्याला धाप लागावी. आणि मग मध्येच काही क्षण काहीच हलायचं नाही. त्या क्षणांत मी किती म्हातारी व्हायचे ते मलाच माहीत.

आम्हाला दिवसातून ठरलेल्या वेळी काचेपर्यंत जाता यायचं. आत जायची वेळ फक्त माझी, तीही दूध द्यायला, हात कोपरापर्यंत धुऊन. आतल्या सिस्टरचं नाव रजनी. बोलायला कमी, चालायला भरभर. बाकीच्या आयांना ती वजन सांगायची, दूध सांगायची. मी वजनाचा आकडा विचारायचेच नाही, हिंमत नव्हती. मग तिनं माझ्यापुरतं एकच वाक्य ठरवून टाकलं. मी दारात दिसले की मान हलवून म्हणायची, "आज हलचल है." त्या तीन शब्दांवर माझा पुढचा दिवस उभा राहायचा. एखाद्या दिवशी "आज थोड़ी कम है" म्हणाली, की बेनी फाटकाबाहेरच्या गाडीवरून गराडूचा द्रोण आणायचा आणि बाकावर माझ्या शेजारी ठेवायचा. मी खात नसे. तो म्हणायचा, "नको खाऊस. वास घे. वासानं पण पोट भरतं." मग हळूहळू एकेक तुकडा तोंडात जायचा. भीतीनं सुकलेल्या तोंडात ते लिंबू काय लागायचं! अजून तशी चव कधी लागली नाही.

आमच्यात मुलगा असला तर आठव्या दिवशी सुंता आणि नाव. मुलगी असली तर बाराव्या दिवशी पाळणा. बायका जमतात, पाळण्यात बाळ, उकडलेले हरभरे, खोबरं, मुलांचा कालवा, आणि आत्या कानात नाव सांगते. इथे पाळणा नव्हता, बायका नव्हत्या, आणि आत्या तर इस्रायलला. तरी सासूबाईंचा अलिबागहून फोन आला.

"बारावा दिवस चुकवायचा नाही हां लेआ. मिर्याम ठेवा. माझ्या आईचं नाव."

मला अर्थ ठाऊक होता. लहानपणी आमच्या प्रार्थनालयात प्रार्थना म्हणणारे म्हातारे हझान सगळ्या मुलींना नावांचे अर्थ सांगायचे. मी चाचरत म्हटलं, "आई, मिर्याम म्हणजे कडू ना?"

"कडू?" फोनमधून त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या की बाकावरच्या अनोळखी बाईनं वळून बघितलं. "आईनं आयुष्यभर आळीतल्या प्रत्येक लग्नाला नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा केला. सगळी इस्रायल आळी वाट्या चाटून पुसून खायची. म्हणे कडू!"

मी माफी मागितली. पण नाव घेतलं नाही.

मग नणंदेचा फोन. तिनं तिकडची नवी-जुनी नावं धडाधड म्हणून दाखवली, कंडक्टर थांबे सांगतो तशी. आयाला म्हणजे हरिणी. तमार म्हणजे खजुराचं झाड. दबोरा, मधमाशी. सिपोरा, पाखरू. नोआ, हालचाल. शोशन्ना, फूल. हाना, कृपा. "सांग ना वहिनी, कुठलं?" मला एकही धरवेना. पाखरू म्हटलं की उडून जाईल असं वाटायचं. फूल म्हटलं की कोमेजेल. हरिणी पळते. मधमाशी केवढ्याशा आयुष्याची! ज्या अर्थाला हात लावावा त्याच्या पाठीमागं काहीतरी उभं दिसायचं.

शेवटी मी बेनीला सांगून टाकलं, "घरी आली की ठेवू. आत्ता नाही. नाव घेतलं की कुणाचंतरी लक्ष जाईल." कुणाचं, ते मी बोलले नाही. तो डाव्या हातानं बाकाच्या कडेवरचा रंग खरवडत बसला.

काकू तेव्हा रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. आम्ही त्यांचे भाडेकरू, तेही नवे. नातं काहीच नाही. त्यांना मी तेच सांगितलं, की बिननावाची असली तर लपून राहील. काकूंनी डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे वळून बसल्या.

"माझ्या आजोबांचं नाव काय होतं, माहितीये? कचरू. त्यांच्या आधीची पोरं जगली नाही, म्हणून त्यांच्या आईनं असं नाव ठेवलं की मौतसुद्धा म्हणेल, हे काय उचलायचं. आजोबा जगले. महूला पलटणीत गेले. चांगले सहा फुटी, मिशावाले. आणि रोज परेडला हाजरी लागायची, कचरू! जवान हसायचे. आजोबा म्हणायचे, जगलो तर खरं, पण आईनं मला जिथे लपवलं तिथून बाहेर यायला अर्धी उमर गेली." काकू थांबल्या. "बुद्धाची दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातल्या पोरांची नावं स्वतः ठेवली. माझं नावसुद्धा त्यांचंच, सुजाता. मला मांडीवर घेऊन दहा वेळा म्हटलं म्हणे, जोरजोरात, सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं. सुन बेटा, पोरगी अंदर लढून राहिलीये. तिला आवाज कशी देशील? ए, अशी?"

मी डब्याचं झाकण उघडलं. त्या दिवशी डबा पूर्ण खाल्ला, एवढं आठवतं.

बाराव्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. माळव्यातलं थंडीतलं ऊन म्हणजे नुकत्या धुतलेल्या चादरीसारखं, अंगावर घ्यावं वाटतं. मी हात धुऊन आत गेले. रजनी सिस्टर पेट्या पुसत होती. मुलीच्या पेटीवर एक कागद चिकटवलेला होता. रोजच होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो वाचला असेन, कारण तोपर्यंत माझी नजर तिच्या छातीवरून हललीच नव्हती. बाळाचं नाव नव्हतं ना, म्हणून कागदावर आईचं नाव. हिंदीत, ठळक. लेआ.

थकलेली.

मी तिथेच उभी राहिले. इतके दिवस मी तिला नावापासून वाचवत होते, आणि ती माझंच नाव डोक्याशी घेऊन झोपत होती. जे नाव मी जगातल्या कुठल्याही मुलीला दिलं नसतं, तेच तिला न देता देऊन बसले होते. भीतीच्या वर आणखी एक भीती असते, आणि ती आली की पहिली बाजूला सरकते. मला एकदम घाई झाली. एखादी बस सुटत असावी तशी.

"सिस्टर, नाम रखना है. अभी."

रजनीनं फडकं खाली ठेवलं. पेटीत वाकून बघितलं. बाळानं एक पाय झाडला, पट्टीसकट, आणि काचेला टक्कर दिली. रजनी पहिल्यांदाच मोकळी हसली. "आज तो बहुत हलचल है इसकी. नाम सुन लिया क्या?"

हालचाल. नणंदेनं भरभर म्हटलेल्या त्या रांगेतलं, पाखरू आणि फुलाच्या मध्ये चेंगरलेलं नाव वर आलं. मी ते उलटून बघितलं, पाठीमागं काही उभं आहे का. काहीच नव्हतं. इतके दिवस मी देवाकडे दुसरं मागितलं तरी काय होतं?

"नोआ," मी म्हटलं.

काचेबाहेर बेनी आणि त्या दिवशी सकाळीच आलेल्या काकू उभे होते. त्यांना ऐकू जात नव्हतं. मी रजनीला सांगितलं की आमच्यात आत्या नाव ठेवते, पण ती फार लांब आहे. ती म्हणाली, "हमारे में भी बुआ ही रखती है." आणि पुन्हा एकदा हात धुऊन आली. रीतसर, कोपरापर्यंत. पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला, एक बोट बाळाच्या मुठीत दिलं आणि खिडकीशी तोंड नेऊन म्हणाली, "नोआ. ए नोआ. बुआ बोल रही है."

बाहेर काकूंनी काय समजायचं ते समजून टाळ्या वाजवल्या. चौकीदार धावत आला, "माताजी, ये अस्पताल है!" काकू म्हणाल्या, "तो? बारसा है हमारा!" बेनीनं काचेवर डावा तळहात टेकवला होता. त्याचा ठसा बराच वेळ तिथे राहिला. मग रजनीनं पेटीवरच्या कागदावर माझ्या नावाच्या वर नवं नाव लिहिलं.

संध्याकाळी सासूबाईंना फोन लावला. त्या उसळल्या. "नोहा तर प्रलयातला तारूवाला. बाप्याचं नाव!" बेनीनं समजावलं की ही नोआ वेगळी, तोरातल्या पाच बहिणींमधली, ज्या मोशेसारख्या पुढाऱ्यासमोर उभ्या राहून बापाच्या जमिनीत आपला वाटा मागतात. "भांडकुदळ असेल," सासूबाई म्हणाल्या, आणि मग आवाज एकदम मऊ झाला. "असू दे. भांडू दे. पण मी पाळण्यात मिर्यामच म्हणणार." आजही म्हणतात. नोआ दोन्ही नावांना ओ देते.

ती घरी आली तेव्हा गराडूचा हंगाम सरत आला होता. मी मलिदा बोलले होते. मलिदा म्हणजे आमचा आभार मानायचा विधी, एलियाहू नबीच्या, म्हणजे प्रेषिताच्या, नावानं. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. मी काकूंना एवढंच म्हटलं, "रविवारी पूजा आहे, किलोभर पोहे आणायचेत." काकूंनी माझा हात धरला. "इंदूरमध्ये राहून तू पोहे आणशील? पोहे माझ्याकडून!"

रविवारी बेनी कारखान्यातून आल्यावर मी गूळ किसून, नारळ खवून, पाटावर पांढरं कापड घालून बसले. प्रार्थनेची वेळ झाली आणि काकू आणि काका दोन्ही बाजूंनी धरून एक भगोना, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन जिना चढले. झाकण उघडलं. वाफेवरचे गरम, पिवळेधमक इंदुरी पोहे! बडीशेप, डाळिंब, वर शेवेचा डोंगर, आणि वेगळ्या पुडीत जीरावण. बरोबर जिलेबी. मी नारळाच्या ताटाकडे बघितलं, भगोन्याकडे बघितलं, आणि मला हसू आवरेना. इतक्या दिवसांचं सगळं साठलेलं त्या हसण्यातून बाहेर पडलं. काकू घाबरल्या, "काय झालं? तिखट नाही चालत का देवाला?"

बेनी खालच्या दुकानातून कोरडे पोहे घेऊन पळत आला. ते भिजेपर्यंत सगळे थांबले. शेटजी आणि शेटाणी खजरान्याच्या गणपतीला बोललेला नारळ वाढवून, लाडवाचा प्रसाद घेऊन आले होते. त्यांनी आमच्या नकळत नवस केला होता. मग मलिदा झाला. बेनीनं प्रार्थना म्हटली. नबीच्या ताटलीत गोड पोहे ठेवले, आणि मी थांबवायच्या आत त्यानं शेजारी चमचाभर पिवळेही वाढले. "नबी सगळ्या गावांत जातो," तो म्हणाला. "इंदूरला येऊन शेव न खाता कसा जाईल?"

लांबच्या गावात माणूस एकटा पडतो म्हणतात. त्या दिवशी माझ्या खोलीत बसायला जागा नव्हती.

तर परवा काकूंना मी नावं सांगितली. अर्थांसकट. त्या एकेक नाव तोंडात घोळवत होत्या, साखरफुटाण्यासारखं. "तमार छान आहे. पण प्रज्ञा म्हणेल, खजूर?" मी म्हटलं, बाळ येऊ द्या, त्याला बघा, त्याच्यात काय दिसतं ते बघा. एवढ्यात नोआ शाळेतून आली. दप्तर एका कोपऱ्यात, बूट दुसऱ्या. रविवारसाठी तिचा नवा फ्रॉक शिवायचा होता. मी तिला स्टुलावर उभं केलं आणि गुडघ्यावर बसून घेराला टाचण्या लावायला घेतल्या.

ती काय उभी राहते! एक पाय वर, मग दुसरा. खिडकीतून गराडूवाल्याला हात केला. काकूंना शाळेतलं भांडण साभिनय सांगितलं. गिरकी घेतली, तशी लावलेली टाचणी निघून पडली. मी पुन्हा लावली. काकू वैतागल्या. "अगं, डाट ना तिला! म्हण ना, हलू नको म्हणून."

जगातली प्रत्येक शिंपीण, प्रत्येक आई दिवसातून किती वेळा म्हणत असेल ते. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, पण नसत्या तरी ते शब्द आले नसते. मी पोरीला अभ्यासावरून रागावते, भाजी टाकली तर रागावते, खोटं बोलली तर धपाटाही घालते. पण ते एक वाक्य मला आजवर जमलेलं नाही.

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे. मग त्यांची नजर दोरीवरच्या जुन्या फ्रॉकच्या वाकड्या घेरावर गेली, आणि तिथून स्टुलावर नाचणाऱ्या पायांवर. त्यांनी पदरानं नाक पुसलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वाकडाच शिव."

आणि मी टाचणी लावली, हलत्या घेराला, जिथे लागली तिथे.